कमलच्या हातचा करांदा

मी गुणाबाई नागू मिराशी, मूळची सुप्याकडची, आता राहणार रामनगर. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा धाक नाही. हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. शाळा दुसरीपर्यंत, अक्षर वाकडं येईल, हसू नये.

१. राहतं घर धाकट्या परशूची विधवा कमल हिला देते. थोरल्या कान्हूनं ओरडू नये, त्याला वेगळं बांधून दिलंय.

२. परशू कशानं गेला तेही लिहिते, कारण लोक कमलच्या नावानं बोटं मोडतात. सुप्याला आमच्या परसातच ओढा होता. तीन पानांच्या वेलीचा कंद, कडू करांदा, कापायचा, राख चोळायची, टोपलीत भरून ओढ्यात ठेवायचा. दोन-तीन दिवसांत विष वाहून जायचं, मग शिजवायचा. गाव धरणाखाली गेलं. इथं दारात ओढा नाही, म्हणून कमलनं तेवढेच दिवस टोपली पिंपात बुडवली. उभ्या पाण्यातलं विष जाणार कुठं? परशू गेला. ती त्याच ताटात जेवली होती, ती वाचली, एवढाच तिचा गुन्हा. कान्हू दारात म्हणाला, "नवऱ्याला खाल्लंस, आता तुझ्या हातचं पाणी बी नको!" ती म्हणाली, "व्हय भावजी, मी बी मेले असते तर सुटले असते." तेव्हापासून तो तिच्या हातचं काही घेत नाही.

३. पहार, कोयती आणि टोपली परशूच्या लेकीला, नात फुलाला. काय पोर हाय! टाकळा, कुर्डू लांबून ओळखते. परवा कुंपणावर वेल दिसली तर मलाच दटावते, "आज्जी, हात नको लावू, आदी पानं मोज!" हसता हसता मी खालीच बसले. नाक अगदी परशूचं.

४. शेत अर्धं कमलला, अर्धं कान्हूला, पण कान्हूला अट आहे. माझ्या बाराव्याला रानातली भाजी कमलनंच करायची. पावसात मेले तर टाकळा. थंडीत मेले तर कडू करांदाच. डोंगराखालचा ओहळ लांब आहे, पण वाहता आहे. गेल्या थंडीत कमल नको नको म्हणत होती, तरी तिला नेऊन तिथं टोपली ठेवली. आम्ही करांदा खाल्ला, आणि मी अजून लिहितेय. कान्हूनं पहिल्या पंगतीत बसून तिच्या हातचं खावं. न खाल्लं तर त्याचा हिस्सा फुलाचा.

आणि कान्हू, आधी तिला चाखायला लावून बघत बसू नकोस. पहिला घास तुझा.

सही: गुणाबाई नागू मिराशी

साक्षीदार: लक्ष्मण वेळीप, शेजारी (सही)
गिरजा देसाई, शेजारीण (अंगठा)
दोघांनीही तो करांदा खाल्ला आहे.

रामनगर, ता. ४ फेब्रुवारी १९९२