उशीवरून दिसणारी बाग

ती. दादा,

तुला आणि वहिनीला धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

इथे मला पहिल्यांदाच एकटीने बाग आखायला मिळाली आहे, हॉस्पिटलच्या आवारात. नकाशा सगळ्यांना पसंत पडला. काल सहज एका रिकाम्या पलंगावर आडवी झाले, तर लक्षात आलं, नकाशातलं माझं एकही झाड इथल्या खिडकीतून दिसणार नाही. सगळी बाग मी चालत्याफिरत्या माणसांसाठीच आखली होती!

साहेब हसले, "झोपायचा पगार मिळतो वाटतं?" पण मला उठवेना. आई जाण्याआधी कितीतरी महिने अशीच पडून होती. फोन केला की म्हणायची, "माझं छान चाललंय, तू तुझी झाडं लाव."

आता नकाशा बदलतेय. खिडक्यांपाशी माती चढवून झाडं जवळ आणणार. साहेबांनीही मान डोलावली.

दादा, आईची खाट अजून हलवली नसशील, तर एकदा तिच्या उशीवर डोकं टेक आणि तिथून काय दिसतं ते मला कळव. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नकोस.

बाबांना जप.

तुझी,
धाकटी