माळ्यावर नसलेली पेटी

चिंचवड, गुरुवार, नोव्हेंबर १९७७

अजून विश्वास बसत नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि यांना हे माहीतच नव्हतं?

संध्याकाळी शाळेतून आले तर हे डोळे मिटून रेकॉर्ड ऐकत बसलेले. कंपनीतला जर्मन इंजिनिअर मायदेशी जाताना देऊन गेला म्हणे. तिकडेही फारसा कुणाला ठाऊक नसलेला बँड. एका बाजूला एकच लांबलचक रचना, सगळा भर ऑर्गनवर. माझ्या पेटीसारखा भाता न मारता सूर इतका वेळ कसा टिकतो, या नवलात मीही उभीच राहिले.

"काय हात आहे बघ! तुझी पेटी काढतो, हे वाजवून दाखव," म्हणत हे स्टुलावर चढले. माळ्यावर शोधायला.

माळ्यावर! यांच्या रात्रपाळ्या सुरू झाल्या तेव्हा दिवसा झोपमोड नको म्हणून मीच पेटी चऱ्होलीला दादाकडे पाठवली. थोरला तेव्हा रांगत होता, आता कॉलेजात आहे. एवढ्या काळात घरात पेटी नाही, हे यांना एकदाही जाणवू नये?

मी खाली स्टूल धरून उभी. वर ट्रंका सरकवल्याचे आवाज.

"अहो, उतरा. ती दादाकडे आहे. तुमच्या झोपेसाठी दिली होती."

"अगं, मग सांगायचं नाही का? मला वाटलं, तुलाच कंटाळा आला वाजवायचा."

कंटाळा! मला?

रविवारी चऱ्होलीला जाऊन पेटी आणणार. यांची शिफ्ट कुठलीही असो.