गॉटिंगेनच्या हंसवालीचा मुका

२ मार्च २००८, रविवार

ठरलं. पाडव्याच्या कार्यक्रमात भाषण माझं आणि विषयही माझाच – गॉटिंगेन विद्यापीठ आणि तिथे शिकलेली माणसं. लता इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष. तिला दोनशे पानांच्या जेवणाची काळजी. फोनवर म्हणाली, "उल्का, लोक श्रीखंड खायला येतात गं. त्यांना जर्मनीतलं विद्यापीठ कशाला? नाव ऐकूनच अर्धा हॉल झोपेल."

माझ्या भाषणात लोक भांडले आहेत, उठून गेले आहेत. झोपलेलं अजून कोणी नाही.

"पंचवीस मिनिटं हं. त्यापुढे चिठ्ठी पाठवीन."

पाठव म्हटलं. सोळा वर्षं या मंडळात बोलते आहे, आलेली एकही चिठ्ठी उघडलेली नाही. घ्यायची, हसायचं, पर्समध्ये टाकायची, पुढचं वाक्य. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांपासूनची रीत. "आवरा" हा शब्द वाचून कोणाचं भाषण सुधारलंय?

९ मार्च, रविवार

आज इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे. माझी तर वीस वर्षं मागे गेली आहेत.

इथे तरी खरं लिहावं. जानेवारीत मी गॉटिंगेनला अर्ज केला आहे. डॉक्टरेटसाठी. दख्खनमधल्या ताम्रपटांवर. वय चव्वेचाळीस! पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. केलं, मॅक्सम्युलर भवनात तीन वर्षं जर्मन घोकलं, ते तिथेच जायचं म्हणून. मग लग्न, अमेरिका, निधी, वेस्ट विंडसरमधलं घर, लायब्ररीतली अर्धवेळ नोकरी. कोणी अडवलं नाही. मीच उद्या-उद्या करत राहिले, आणि जगाला मात्र व्यासपीठावरून "आज" सांगत राहिले.

फक्त सिद्धेशला माहीत आहे. त्याला कंपनी डॅलसला बोलावते आहे. तिथलं घर पाहून झालंय, होकार तेवढा द्यायचाय. आमचा करार असा – बारा एप्रिलपर्यंत गॉटिंगेनचा होकार आला तर डॅलसच्या घराला नाही म्हणायचं. तो इथेच राहणार, मी जर्मनीला, निधी तशीही ऑगस्टमध्ये कॉलेजला निघाली आहे. नाही आला, तर तेरा तारखेला घराला हो, आणि मी मुकाट्याने टेक्सास.

"मुकाट्याने? तू?" सिद्धेश म्हणाला. आणि कितीतरी वेळ हसत बसला.

१९ मार्च, बुधवार

काय माणसं, काय माणसं! गाउस तिथे शिकला. रीमान तिथे डॉक्टर झाला. ओपेनहायमरही तिथलाच – आणि पुढे कुठे आला, तर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, प्रिन्स्टनला. मी किराणा आणायला जाते तो रस्ता! कीलहॉर्न आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते, ते तिथून गॉटिंगेनला गेले. आणि आपल्या भांडारकरांना १८८५ साली त्या विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली. भांडारकर रस्त्यावर स्कूटर लावून भेळ खाल्ली, पण या डॉक्टरेटचं कोणी सांगितलं नाही.

तिथली प्रथा तर अशी की वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. गावाच्या चौकात कारंजं आहे, त्यावर ब्राँझची एक पोर, हातात हंस. डॉक्टरेट मिळाली की नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून मित्र ओढत नेतात. त्याने कारंज्यावर चढायचं, पोरीला फुलं द्यायची आणि तिच्या गालाचा मुका घ्यायचा!

मी साडी नेसून चढणार. नऊवारी.

२८ मार्च, शुक्रवार

निधी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, यू आर गिव्हिंग अ स्पीच टू द डिशवॉशर."

म्हटलं, तो मध्येच फोन तरी बघत नाही.

आज भाषणाचा गाभा सापडला. एडवर्ड एव्हरेट! गॉटिंगेनची डॉक्टरेट मिळवणारा पहिला अमेरिकन आणि त्याच्या काळातला इथला सगळ्यात मोठा वक्ता. गेटिसबर्गला, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर, तो दोन तास बोलला. पाठ! एक कागद हातात नाही. त्याच्यानंतर लिंकन उठला, दोन मिनिटं बोलला आणि बसला. आज जगाला ती दोनच मिनिटं आठवतात. एव्हरेटचं मोठेपण असं की दुसऱ्याच दिवशी त्याने पत्र लिहून हे लिंकनजवळ कबूल केलं.

मी एव्हरेटच्या बाजूची आहे. दोन तास बोलणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे.

४ एप्रिल, शुक्रवार

पत्र नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

११ एप्रिल, शुक्रवार

नाही. उद्याचं एक टपाल राहिलं. सिद्धेशने आंघोळीनंतर देवापुढे जास्तच वेळ काढला. देव त्याचे, मी त्या कोपऱ्याकडे बघत नाही, तत्त्व आहे. आज मात्र म्हटलं नाही काही. अर्ज माझा, वकिली त्याची.

१२ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ

बावन्न मिनिटं!

शाळेचा हॉल भरलेला. एव्हरेटवर आले तेव्हा मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प. पस्तिसाव्या मिनिटाला चिठ्ठी – आणि घेऊन कोण आलं तर सिद्धेश! घराचं उत्तर द्यायला दुपारच्या विमानाने डॅलसला निघालेला, टॅक्सी बाहेर उभी, आणि वाटेत थांबून लताचा हस्तक झाला? घरचाच माणूस फितूर. मी चिठ्ठी घेतली, हसले, पर्समध्ये टाकली, पुढचं वाक्य. हॉलभर हशा. तो दोन क्षण तिथेच उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, मग मनगटावरचं घड्याळ दाखवून पळाला.

शेवटी प्रश्न. राजारामकाका उठले – मुलाकडे आलेले, पहिल्या रांगेत बसतात, मला कधी सोडत नाहीत. "उल्काताई, एवढ्यांची नावं घेतलीत. तुम्ही का नाही गेलात हो?"

मी माइक स्टँडवरून काढून हातात घेतला.

मी म्हणाले, "काका, आजवर गेले नाही कारण भ्याले. यंदा अर्ज केला. आजपर्यंत उत्तर आलेलं नाही, म्हणजे येणार नाही. आम्ही डॅलसला जातोय. पण अर्ज केला, हे मला तुम्हाला सांगायचं होतं."

एवढंच. टाळ्या आल्या त्या बसूनच ऐकल्या. काका जवळ येऊन म्हणाले, "आधीची पन्नास मिनिटं विसरलो बघा." लताने माझ्या वाटीत तिप्पट श्रीखंड वाढलं आणि नाक पुसत म्हणाली, "आणि चिठ्ठी मी नाही हं पाठवली." कोण विश्वास ठेवणार! घरी येऊन टपालपेटी पाहिली, रिकामी.

आत्ता सिद्धेशचा फोन, डॅलसहून. "काय मग, खूश?"

"खूप. काका रडले."

"मला थांबायचं होतं यार, पण टॅक्सीवाला ओरडत होता. मग उद्या इथल्या घरमालकाला सांगून टाकतो. ठरलंय तेच ना?"

"ठरलंय तेच. मी शब्द फिरवत नाही."

"नक्की? नंतर भाषण नको."

"नक्की."

केवढा हसला! घर मिळाल्याचा एवढा आनंद? मी फोन जरा जोरातच ठेवला. असो. करार मीही केला होता. आज दोनशे माणसांसमोर खरं बोलले, त्याची नशा अजून उतरलेली नाही. टेक्सासातही व्यासपीठं असतील.

१३ एप्रिल, रविवार, सकाळ

गाडीच्या किल्ल्या शोधायला पर्स पलंगावर उपडी केली. चिठ्ठी पडली. सिद्धेशचं अक्षर –

"गॉटिंगेन हो म्हणालं. पत्र देवापुढे ठेवलंय. तू तिकडे बघणार नाहीस म्हणून लिहून देतोय. डॅलसला नाही सांगून येतो. आता खाली उतर."