चालण्याजोगी जागा

२ फेब्रुवारी, सोमवार

कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेलो तर आमच्या अविनं आधीच ठेवलेली. हल्ली माझी कामं माझ्याआधी उरकलेली असतात.

दुबईचं पक्कं झालं. अविला कंपनीचं पत्र आलं. एप्रिलमध्ये जायचंय, म्हणाला. सूनबाईनं शिरा केला. मला गोड नको होतं, तरी वाटी संपवली. नाहीतर बाबांना आनंद नाही, असं व्हायचं.

जेवणानंतर दोघं नवरा-बायको लॅपटॉपमध्ये डोकं घालून तिथले एरिये बघत बसतात. आज एक शब्द सारखा कानावर. वॉकेबल. म्हणजे काय रे, विचारलं. अवि म्हणाला, "चालता येतो असा एरिया, बाबा. दुबईत सगळा कार आहे ना. आम्हाला चालायचा एरिया पाहिजे."

कोपऱ्यावरून ब्रेड आणायलाही हे दोघं गाडी काढतात. गाडी सुटली ती माझी, डोळ्यांमुळे. लायसन्स परत पाठवायचं पाकीट अविनंच पोस्टात टाकलं. मग चालायचा एरिया कुणासाठी बघतो?

पोरगं बोलत नाही, पण मनात ठेवतं. शालनला सांगायला हवं होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली तरी तोंड तिच्या खुर्चीकडेच वळतं.

५ फेब्रु., गुरुवार

बी.पी. चढं. झोप नाही. तिथल्या उन्हात या वयात... जाऊ दे.

लायब्ररीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी दुबईचे तीन नकाशे छापून दिले. मरीना, डाउनटाउन, करामा. "सुट्टीला जाताय?" विचारलं. मी म्हणालो, "नो. वॉकिंग." हसल्या.

सातवी शिकलेला माणूस मी. पण इचलकरंजीत जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो, इथे लेस्टरला येऊन होजिअरीत मशिनी लावल्या. ड्रॉइंग कळतं, म्हणजे नकाशाही कळतो. दूध किती लांब. सावली कुठे. पाच-पाच मिनिटांवर टेकायला बाक. आणि संडास. मरीनाला पाणी, बोटी, हॉटेलं, दूध कुठे दिसेना. डाउनटाउनचे रस्ते एवढे रुंद की हिरवा दिवा लागेपर्यंत माणूस म्हातारा होईल, आणि मी तर होऊनच जाणार. करामा बरं. किराणा, न्हावी, शिंपी, इडलीवाला, सगळं खाली उतरलं की. फुटपाथ आहेत.

करामावर पेन्सिलीनं गोल केला.

९ फेब्रु., सोमवार

नकाशा दाखवला. वै. (वैशाली, पण वहीत वै. पुरे) हसली. "बाबा, बेलग्रेव्ह रोड सोडून परत बेलग्रेव्ह रोडलाच जायचं का?" बेलग्रेव्ह रोड म्हणजे इथला आपल्या लोकांच्या दुकानांचा रस्ता. वाईट नाही बोलली. पण हसली.

तिला नाईटलाईफ पाहिजे. ते काय, म्हटलं. अवि म्हणाला, "लोक रात्री बाहेर जातात, बाबा. रेस्टॉरंट, म्युझिक, फिरायचं."

मी म्हणालो, पंचवीस वर्षं मी रात्री बाहेरच होतो. नाईट शिफ्टला. त्याला लाईफ म्हणतात हे कुणी सांगितलं नाही.

अवि हसला. वै. स्क्रीनकडे बघत राहिली.

नंतर वाटलं, तिचंच बरोबर. वाळवंटात दिवसा कोण पाय बाहेर टाकणार? चालायचं ते दिवस मावळल्यावर. म्हणजे दिवे पाहिजेत, दुकानं उघडी पाहिजेत, माणसं पाहिजेत. नाहीतर म्हातारा कुठे पडला तर सकाळीच सापडायचा. नाईटलाईफ म्हणजे हे. आणि रात्रीही चालू असलेला संडास. वै.ला सांगितलं नाही, पुन्हा हसेल.

१४ फेब्रु., शनिवार

मनसुखभाईंबरोबर ॲबी पार्क. आमचा बाक ओला होता, त्यांनी पिशवी पसरली. होजिअरीत एकाच शिफ्टला होतो आम्ही. ते गुजराती, मी मराठी, मध्ये आमची मोडकी हिंदी.

म्हणाले, "भाऊ, तू गया तो मेरी बहू की बुराई मैं किस के साथ करूँगा?"

फोनवर, म्हटलं.

मग म्हणाले, "उधर तेरा कमरा कौन सा? पूछा?"

मी म्हटलं, पूछना क्या, लडका है.

"लडके तो मेरे भी हैं," म्हणाले आणि थेपल्यांचा डबा उघडला. ते पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपतात. वरच्या तीन खोल्या मुलांच्या.

विचारायला पाहिजे. पण विचारलं आणि... नको. उद्या बघू.

१५ फेब्रु., रविवार

विचारावं लागलंच नाही.

सकाळी स्वयंपाकघरात होतो, कानातलं यंत्र वर राहिलेलं. कुकर ओरडत होता. अवि समोर येऊन बसला, दोन्ही हात टेबलावर. म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी एक जागा बघितला आहे. खूप चांगला आहे. ग्राउंड फ्लोअर. दुकान पंधरा मिनिट आहे. तुम्हाला चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेन की! पंधरा मिनिटं काय, तासभर चालेन."

अवि उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहान होता तेव्हा ठेवायचा. "थँक यू, बाबा. थँक यू." डोळ्यांत पाणी. वै. ओट्याशी पाठमोरी होती.

ग्राउंड फ्लोअर म्हणजे मरीना नव्हे, तिथे सगळे टॉवर. पोरानं करामाच बघितला. माझा पेन्सिलीचा गोल फुकट गेला नाही.

१९ फेब्रु., गुरुवार

सवय पाहिजे. रोज मेल्टन रोडनं पार टोकापर्यंत जाऊन परत येतो. आज पंचेचाळीस मिनिटं, दोनदा टेकलो. डावा गुडघा बोलतो, पण ऐकत नाही मी.

उन्हाची टोपी घेतली. बाहेर गारांचा पाऊस, दुकानदार म्हणाला, "काका, आत्ता?" मी म्हटलं, एप्रिलला लागेल. घरी आणून कपाटात वरच ठेवली. वै.नं बघितली. "छान आहे," म्हणाली आणि लगेच खाली गेली.

२४ फेब्रु., मंगळवार

पाकीट आलं. माझ्या नावाचं. आत छापील पत्र. वी आर प्लीज्ड, अशी सुरुवात. वृद्धांसाठीच्या घरांमधला एक फ्लॅट. वन पर्सन. ग्राउंड फ्लोअर. बाथरूममध्ये मदतीसाठी ओढायची दोरी. लेस्टरच्याच पार दुसऱ्या टोकाला, जिथे कुत्रंही ओळखीचं नाही.

आधी वाटलं, दुबईच्या जागेचं पत्र इंग्लंडचं तिकीट लावून कसं आलं. इतका मूर्ख. मग चार वेळा वाचलं.

अवि आल्यावर टेबलावर ठेवलं.

"हो बाबा, दॅट्स द वन. तुम्हाला सांगितला ना."

मी म्हणालो, मला वाटलं दुबई.

त्याचा चेहरा... "पण बाबा, यू सेड चालेल!"

"मी चालेन म्हणालो. चालेन. न."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

वॉट्स द डिफरन्स. माझ्या मुलानं मला विचारलं. चालेल म्हणजे जागा पसंत आहे. चालेन म्हणजे माझे पाय शाबूत आहेत. सांगताना माझाच आवाज चढला. तो लहान पोरासारखा ओठ हलवून म्हणून बघत होता. चालेल, चालेन. त्याला दोन्ही एकच ऐकू येतात.

दोष द्यायचा कुणाला? तो बोलायला शिकत होता तेव्हा मी नाईटला असायचो, दिवसा झोपलेलो. शालन त्याच्याशी कुजबुजायची, बाबा झोपलेत. कुजबुजताना न काय, ल काय.

आणि मीही काय ऐकलं? एप्रिलमध्ये जायचंय, एवढंच तो म्हणाला होता. कुणी, ते मराठीत सांगावं लागत नाही. उरलेलं मी भरलं.

पण वै. पुण्याची. तिला न आणि ल कळत नाही असं कसं म्हणू? मी विचारलं, "त्या दिवशी तुला काय ऐकू आलं?"

म्हणाली, "कुकर चालू होता, बाबा."

२७ फेब्रु., शुक्रवार

कुणाला न सांगता फ्लॅट बघून आलो. दोन बस. दाखवणारी बाई चांगली होती, मला माय लव्ह म्हणाली. खोली स्वच्छ. खिडकीत ऊन येतं. दोरी लाल आहे, जमिनीपर्यंत, पडलेल्या माणसाच्या हाताला यावी म्हणून. खाली सगळ्यांची मिळून एक बैठकीची खोली, तिथे चौघं टीव्हीसमोर, एकानं हात वर केला. संडास पलंगापासून सहा पावलं.

वाईट नाही. त्याचाच राग आला. वाईट असता तर भांडता आलं असतं.

तिथून दुकानापर्यंत घड्याळ लावून चाललो. सत्तावीस मिनिटं. चढ आहे. वाटेत एकच बाक, तोही कुणा मेलेल्याच्या नावाचा. पंधरा मिनिटं कॉम्प्युटरनं सांगितली. कॉम्प्युटरचे गुडघे चांगले असणार. दुकानात कोथिंबीर होती, प्लास्टिकच्या कुंडीत, रोपासकट.

शालनच्या फोटोपुढे दिवा लावायचा राहिला आज. 

३ मार्च, मंगळवार

अवि रजा घेऊन घरी. "बाबा, आज प्रॉपर विचारतो." आधी टिपणं काढून आणली होती, ऑफिसात करतात तशी.

तुम्ही आलात तर तीन खोल्यांचं घर बघू. म्हणजे मरीना परवडायची नाही, करामाच. तुमचा व्हिसा परत परत काढावा लागेल. डॉक्टर नवा. फ्लॅटवाल्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, नाहीतर तो दुसऱ्याला जाईल. हे घर विकायचं, ते नक्की. सगळं नीट, रागाविना. माझा मुलगा माणूस म्हणून चांगला आहे. लिहून ठेवतो, कारण उद्या मला तसं वाटेल की नाही...

वै. म्हणाली, "या ना बाबा. खरंच या." थोड्या वेळानं म्हणाली, "फक्त आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. तुम्ही एकटे घरात, आणि बाहेर ऊन. एवढंच." दोन्ही खरं बोलली. कुठलं जास्त खरं ते तिलाच ठाऊक.

मी म्हटलं, शालनच्या अस्थी इथल्या सोअर नदीत सोडल्या. तिथे नदी आहे का?

अविनं टिपणात बघितलं. त्यात ते नव्हतं.

मग म्हणाला, "बाबा, एक वर्ड लिहून ठेवा. चालेल मीन्स फ्लॅट. चालेन मीन्स दुबई. नो मिस्टेक धिस टाईम." फरक शिकला म्हणून खूश होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी एक अक्षर शिकला.

मी म्हणालो, तुला मराठी वाचता कुठे येतं?

"वैशाली वाचेल ना."

५ मार्च, गुरुवार

मनसुखभाईंना सगळं सांगितलं. भडकले. "ना इधर, ना उधर. मेरे घर आ जा!"

मग दोघांनाही आठवलं. सोफा एकच आहे, आणि तो त्यांचा.

उठताना म्हणाले, "वो फ्लॅट से इधर बस आती है?"

दोन, म्हटलं.

"और दुबई से?"

मी टोपीची किनार नीट करत बसलो. रोज घालतो आता, घेतली आहे तर.

६ मार्च, शुक्रवार

सकाळची गोळी दोनदा घेतली की काय, आठवत नाही. डबीतल्या मोजल्या, एकदाच घेतली.

दुपारी या वहीतलंच पान फाडलं आणि शब्द लिहिला. सातवीचे गुरुजी म्हणायचे, अक्षर असं काढा की वैऱ्यालाही दुसरं वाचता येऊ नये. शेवटचं अक्षर दोनदा गिरवलं. कोणतं, ते इथे लिहीत नाही. ही वहीही एखाद्या दिवशी वै.च वाचेल.

चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली आहे. वै. पाचला येते, आल्या आल्या चहा टाकते. अवि साडेपाचला. म्हणजे अर्धा तास ती चिठ्ठी एकटी तिच्याजवळ असेल. मग ती वाचेल आणि तो ऐकेल.

मी बाहेर चाललो आहे. ती वाचत असताना तिचं तोंड बघत बसणं माझ्यानं व्हायचं नाही. ॲबी पार्कपर्यंत जाऊन येईन, गुडघा म्हणेल तिथून परत.

वरणभात मीच करून ठेवला आहे. कुकर धुऊन पालथा घातला. आज तो ओरडणार नाही.