वरच्या टोकाची तार

प्रिय चिमणे,

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आज दोनदा यंत्र लावून पक्कं सांगितलं, की वरचे बारीक आवाज माझ्या दोन्ही कानांतून गेलेत आणि ते परत येणार नाहीत. बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून घरात पत्ता लागला नाही. मळ काढायला गेलो होतो असं तुझ्या आईला सांगितलंय. बरं झालं, आता माझ्या हाका तरी पोचतील, म्हणाली.

संशय आला तो गेल्या आठवड्यात, शाळेच्या पियानोवर. वरच्या टोकाची एक तार गंजून चिकटली होती. शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून नेहमीसारखी त्यांत रबराची पाचर घातली, तार टेकते तिथे तेलाचा टिपूस दिला. खुंटीला तेल लागू द्यायचं नाही, यावरून तुला शिकवताना किती कटकट केली होती मी. असली हट्टी तार थेट चढवली तर तुटते, म्हणून आधी किंचित उतरवली. गंज सुटला की बारीकसं ‘टक्’ होतं, मगच चढवायची. ते झालंच नाही. आणखी उतरवली. तरी नाही. शेजारी उभ्या असलेल्या संगीताच्या बाई म्हणाल्या, “काका, मघाशीच वाजलं की टक्कन.”

मी हसून वेळ मारून नेली. गंज सुटल्याचा झटका खुंटी पिळायच्या चावीतून हाताला कळतो, तेवढ्यावर ती तार निभावली. सूर मात्र हाताला कळत नाही. एका सुराच्या तिन्ही तारा जुळल्या की नाही, हे मी त्या दिवशी अंदाजानं ठरवलं. तेव्हापासून फोन वाजला तरी कुणी तक्रार करतंय असं वाटतं.

उद्या सभागृहातला मोठा पियानो लावायचाय, संध्याकाळी कार्यक्रम आहे. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. आज तुझ्या गावाला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती हे पत्र देतोय, कारण फोनवर बोललो तर आई ऐकेल. सकाळच्या गाडीनं ये. सहज आले म्हण तिला. खालचे सूर मी लावीन, वरचे लावताना तू शेजारी बसून ऐक. चुकलं तर बापावर दया करून गप्प राहू नकोस, माझ्या हातातून चावी काढून घे. मी घट्ट धरीन कदाचित. तरी घे. सभागृहाचं मागचं दार दुपारी उघडतात, तिथेच तुझी वाट बघत असेन.

तुझाच, घाबरलेला
बाबा