तू घेतलेले माझे उपास

अक्का,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. पितरांची म्हणून तुझी घागर धरणगावला माझ्या भावाकडे भरतातच, पण मी इथे धुळ्यातही तुझ्यासाठी एक लहानशी भरते. सासरचे लोक चालवून घेतात. सकाळी चुलीतले निखारे पुढे ओढून तुझ्या नावाने पुरणपोळीचा घास टाकला, वर तुपाची धार सोडली. घास जळून धूर वर गेला तशी जाऊबाई म्हणाली, "जेवल्या हो तुमच्या आई." बिचारीने चांगल्या मनानेच म्हटलं, पण माझं डोकं फिरलं. जी बाई जिवंतपणी माझ्यासमोर कधी धड जेवली नाही, ती निखाऱ्यावर जेवते म्हणे! ताटावर बसले आणि घास तोंडाशी नेववेना. जळगावच्या डॉक्टरांनी मला एक सवय लावून दिली होती. घास अडला तर ताट लोटायचं नाही, जे मनात खदखदतंय ते कागदावर उतरवायचं आणि पुन्हा ताटावर बसायचं. म्हणून ताट झाकून हे लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जुना होत नाही.

तुला आठवतं का, हे सगळं उपासांपासूनच सुरू झालं. मी अकरावीत होते. श्रावणातले सोमवार धरले आणि गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून माझं कौतुक करायला लागल्या. एवढीशी पोर, पण किती सोशीक! तुझा चेहरा तेव्हा कसा फुलायचा. पोटात आग पडलेली असायची आणि त्या कौतुकाने मला गार वाटायचं. मग गुरुवार आला, शनिवार आला, चतुर्थी तर होतीच. पुढे फराळसुद्धा नको झाला. उरलेल्या दिवशी भाकरी कुसकरून ताटात पसरून ठेवायची कला मला साधली. साबुदाण्याची वाटी तशीच्या तशी परत यायची आणि तू म्हणायचीस, "मनी पोर देवनी शे." देवाची कसली, अक्का? मी आजारी होते. केस गळत होते, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार यायचा, आणि तू मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढत होतीस. कुणाची लागली असती दृष्ट? तुझीच लागली असेल तर लागली असेल.

कॉलेजसाठी जळगावला होस्टेलवर राहायला लागले आणि एकदा वर्गातच चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे तू मला डॉक्टरांकडे नेलंस. तेही मानसोपचाराचे डॉक्टर म्हटल्यावर पदर कपाळापर्यंत ओढून, पाटी कुणी वाचताना पाहू नये म्हणून भराभर आत शिरलीस. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. ते म्हणाले, हिला भूक लागत नाही असं नाही, ही भूक दाबून ठेवते. तू खुर्चीतून उठलीसच. "आमना घरमा दूधदुभतं शे, डॉक्टर. मनी पोर उपाशी कसाले ऱ्हाई?" त्यांनी तुला बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा आजार देवाचं लुगडं नेसून बसलाय, पोरी. ते आधी उतरवू." सगळे उपास बंद. वेळेवर तीन वेळा जेवण. कुणी ताटाकडे टक लावून पाहायचं नाही, जेवली म्हणून शाबासकी द्यायची नाही, नाही जेवली म्हणून रडायचं नाही. आणि तुला वेगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं: "ताई, घरी आली की हिच्याबरोबर बसून जेवा. एका वेळी, एका पंगतीला. हेच औषध आहे."

तू मान हलवलीस. मला वाटलं, कळलं तुला.

धरणगावला पोचलो त्या संध्याकाळी तू वांग्याचं भरीत केलंस, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापलीस, आणि पाट एकच मांडलास. मी विचारलं, तुझं ताट कुठे? तू पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसलीस आणि अगदी प्रेमाने म्हणालीस, "तू जेव. तुना उपास मी लिधा."

मला आधी अर्थच लागला नाही. मग तू सांगितलंस. धरलेला उपास असा अर्ध्यात टाकला तर कोप होतो. म्हणून वाटेत देवीपुढे नारळ फोडताना तू माझे सगळे उपास स्वतःवर घेतले होतेस, सोमवारपासून चतुर्थीपर्यंत. आणि कुठवर? "तू धड जेवाले लागनी का मी सोडी दिसू."

डॉक्टरांनी काय सांगितलं आणि तू काय केलंस, अक्का! त्यांनी सांगितलं बरोबर जेव, तू माझ्याऐवजी उपाशी राहिलीस. बोंबलून सांगावं तर कुणाला? गावभर तुझं नाव झालं, आई असावी तर अशी. मी भरताचा घास उचलायची आणि समोर तुझे सुकलेले ओठ. कसा उतरणार घास? दोन-चार घासांत हात धुवायची. ते पाहून तुझी खात्री पटायची की पोर अजून जेवत नाही, उपास सोडून चालणार नाही. तू उपाशी म्हणून मी अर्धपोटी, मी अर्धपोटी म्हणून तू उपाशी. घाण्याच्या बैलाला तरी मध्ये सोडतात.

आणि तिकडे होस्टेलवर मी बरी होत होते! हे तुला कधी पटलंच नाही. सोपं नव्हतं ते. डॉक्टरांकडे जाऊन मी भांडायची, रडायची, महिनाभर ठीक चालायचं आणि परीक्षा आली की पुन्हा सगळं घसरायचं. माझी खोलीतली मैत्रीण डॉक्टरांचं ऐकून रोज माझ्याबरोबर जेवायला बसायची आणि ताटाकडे न बघता मेसच्या आमटीला शिव्या घालायची. तेवढं पुरायचं, अक्का. एवढंच तर हवं होतं. तू सकाळच्या एसटीने डबा पाठवायचीस, कंडक्टरच्या पायाशी ठेवून. शेवेची भाजी, ठेचा, दशम्या. तो डबा मी पुसून खायची. रिकामा डबा घरी परत जायचा. सुटीत आले की तू हसून म्हणायचीस, "मैत्रिनीसले वाटी दिधं व्हई." कुणाला वाटलं नाही, मीच खाल्लं, म्हणून मी शपथा घेतल्या. तू म्हणालीस, माझ्यासमोर जेवून दाखव. आणि समोर तू उपाशी.

एकदा तर मी ओरडले. म्हटलं, एक भाकरी घे, माझ्या शेजारी बस, मग बघ मी कशी जेवते. तू कानांवर हात ठेवलेस. "गुरुवार शे आज. असं बोलू नही." त्या दिवशी मी ताटावरून उठले ते सरळ स्टँडवर. तू मागे फाटकापर्यंत आलीस, हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. त्या मी घेतल्या. बसमध्ये सगळ्या खाल्ल्या, रडत आणि चवीने.

माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी तुझे उपासाचे वार चालूच. डॉक्टरांनी तुला दोनदा निरोप धाडला, तू गेली नाहीस. आणि मग गेलीस ती गुरुवारीच, दुपारी, भांडी घासता घासता, छातीत कळ येऊन. पोटात अन्नाचा कण नाही. बायका म्हणाल्या, "पुन्यवान बाई, उपासना दिन गयी." मला त्या सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. तेराव्याला मी पंगतीत बसले आणि पोटभर जेवले. मागून वाढून घेतलं. मावशीने डोळ्याला पदर लावला. "आज अक्का ऱ्हाती ते पाहती." पाहायचं होतं तेव्हा तुला साधं शेजारी बसता आलं नाही.

कुठे पाठवू हे? निखाऱ्यावर टाकलं तर जाऊबाई म्हणेल, वाचलं हो तुमच्या आईंनी. राहू दे इथेच, पिठाच्या डब्याखाली. पोळी गार झाली असेल, आमरस काळा पडला असेल. आता ताट उघडते.

फक्त एक सांगते, अक्का. अजूनही पहिला घास घेण्याआधी मी मनात विचारते, तू जेवलीस? उत्तर येत नाही. आणि उत्तर येत नाही म्हणूनच मला जेवता येतं.