घोंगडीवर न बसणारा गुडघा

मांडवगण फराटा
१० फेब्रुवारी २००६

चि. माऊली यास,

गेणबामामाचा आशीर्वाद. तो सवयीने लिहिला आहे; राग पुढच्या ओळीपासून. तुझी तब्येत बरी असेलच. दवाखान्यात नोकरी करणाऱ्यांची असते. (फोनवर रागावलो की तू ‘आवाज येत नाही’ म्हणतोस, म्हणून पत्र.)

तुझ्या सांगण्यावरून उजवा गुडघा बदलला. कॉम्प्युटरने मोजून बसवला, दुसऱ्या दिवशी मला चालवलं, आठव्या दिवशी घरी पाठवलं. आता दुखत नाही. हीच माझी तक्रार आहे. दुखला असता तर लंगडलो असतो, आणि लंगडणाऱ्याला कोणी माजलेला म्हणत नाही.

मागच्या रविवारी हर्षदाची सुपारी फोडायला दौंडकडे गेलो. (मुलगा कारेगावच्या कंपनीत आहे. हर्षदा येणाऱ्या प्रत्येक स्थळाला नावं ठेवायची, याला ठेवली नाहीत. यावरून काय ते समज.) मुलाचे वडील म्हाळूआप्पा. त्यांनी आजोबांची घोंगडी अंथरली, तिला भंडारा लावला. त्या घरातली सगळी लग्नं त्याच घोंगडीवर ठरली आहेत. सगळे बसले. मी उभा. शेवटी खुर्ची मागितली. मी वर, सोयरे खाली, घोंगडी खाली, भंडारा खाली.

म्हाळूआप्पा म्हणाले, “येष्टीतून टणाटण उतरलात, म्या बघितलं. आन् आमच्या घोंगडीवर बसायला गुडघा न्हाई व्हय?”

मी दवाखान्याचा कागद काढला. त्यावर मांडी घातलेला माणूस, उकिडवा बसलेला माणूस, दोघांवर लाल फुल्या. कागद हातोहात फिरला. म्हाळूआप्पा म्हणाले, “ह्यात तर आमचं समदं गावच खोडलंय की!” सुपारी फुटली नाही. चहा तेवढा पाजला.

घरी पोचलो तशी तुझी मामी उंबऱ्यातच म्हणाली, “नवा पाय आणलात, आन् पोरीचं लगीन तिथंच ठिवून आलात.” तेव्हापासून हर्षदा माझ्या ताटात भाकरी आदळते आणि आत जाते.

त्यात तुमच्या दवाखान्यातली मुलगी दर गुरुवारी फोन करते. आजोबा, किती वाकतो? मी सांगतो, नव्वदच्या पुढं. शाबास म्हणते. तिकडं लग्न मोडतंय आणि इकडं मला शाबास. हाड मिलिमीटरपर्यंत मोजलं म्हणतोस. माणूस बसतो कुठं, हे कोणी मोजलं?

अक्काला नमस्कार सांग. तुझा सल्ला यापुढे घेणार नाही.

गेणबामामा

ता. क. पत्र लिहून ठेवलं आणि संध्याकाळी म्हाळूआप्पांचा फोन आला. आधी उसाचं बोलले. मग आवाज उतरवून विचारलं, डॉक्टर कोण? आम्ही निघाल्यावर त्यांना घोंगडीवरून उठवायला दोन माणसं लागली म्हणे. (हे कोणाला सांगू नका म्हणाले. म्हणून पत्र पाकिटात घातलं आहे.)

आणखी एक. त्यांच्यासाठी तारीख घे. माझा डावाही त्याच दिवशी होतो का बघ. खाटा शेजारी शेजारी माग. मामी पिशवीत सुपारी घेऊन येईल. तिथं खाली कोणी बसत नाही.